श्रीरामपूरचा माग आणि स्वस्त शिक्षणाचे मोल

बारावीचे निकाल लागले आणि प्रवेशपरीक्षांचे गुणानुक्रम हाती आले, की दरवर्षी आपल्याकडे घरोघर एक ठरावीक संभाषण सुरू होते. मुलाला अभियांत्रिकीला घालायचे आहे; पण कोणत्या महाविद्यालयात, कोणत्या शाखेत आणि किती रुपयांत? खासगी संस्थांच्या चकचकीत पत्रकांवर वातानुकूलित वर्गांची छायाचित्रे असतात आणि गलेलठ्ठ पगारांचे आकडे असतात. सरकारी महाविद्यालयांकडे पत्रकच नसते. तेव्हा त्यांच्याविषयी बोलताना पालक एकच वाक्य उच्चारतात, ‘फी कमी आहे हो!’ या वाक्यात समाधान किती आणि संशय किती, हे सांगणे कठीण असते. जे स्वस्त ते हलके, असा आपल्या बाजाराचा समज आहे आणि तोच समज आपण शिक्षणाच्या दारापर्यंत नेऊन पोहोचविला आहे. हा समज कितपत खरा आहे, हे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून तपासून पाहावे, असे आम्हांस वाटते.

हे उदाहरण आपल्या किनाऱ्यापासून फार दूरचे, बंगालमधील श्रीरामपूरचे आहे. मराठी वाचकाला श्रीरामपूर म्हटले की अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील साखर कारखान्यांचे गाव आठवेल. आम्ही म्हणतो ते श्रीरामपूर हुगळी नदीच्या पश्चिम काठावर, बराकपूरच्या समोर आहे. 1755 पासून 1845 पर्यंत तेथे डॅनिश लोकांचे राज्य होते, आणि त्या काळात फ्रेडरिकस्नगर या नावानेही ते ओळखले जाई. या गावाशी मराठी भाषेचा संबंध पुष्कळांना वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. विल्यम केरी या मिशनऱ्याने मराठी भाषेचे व्याकरण 1805 साली याच गावच्या छापखान्यात छापले आणि 1810 साली मराठीचा कोश प्रसिद्ध केला. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता, याचा विसर पडू देण्याचे कारण नाही. परंतु मोडीचे टंक पाडून मराठी शब्द कागदावर उमटविण्याचा खटाटोप ज्या गावात झाला, त्या गावाला आम्ही अगदीच परके म्हणू शकत नाही. छापखान्याला कागद हवा म्हणून तेथे कागदाची गिरणी निघाली आणि ती चालविण्यासाठी 1820 साली विलायतेहून वाफेचे यंत्र आले. भारतात आलेल्या पहिल्या काही वाफेच्या यंत्रांमध्ये त्याची गणना होते.

याच श्रीरामपुरात 1908 साली सरकारी विणकाम संस्था स्थापन झाली. आज ती ‘गव्हर्नमेंट कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग अँड टेक्स्टाईल टेक्नॉलॉजी’ या लांबलचक नावाने चालते. संस्थेचा जन्म 1908 चा, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. 1905 साली कर्झनने बंगालची फाळणी केली. त्या वर्षी 7 ऑगस्ट रोजी कलकत्त्याच्या सभेत विलायती मालावरील बहिष्काराचा ठराव झाला. आज आपण हातमाग दिन पाळतो तो याच तारखेला. मँचेस्टरचे कापड घ्यायचे नाही असे ठरले, पण मग अंगावर घालायचे काय, हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी उभा राहिला. 1906 साली श्रीरामपुरात बंगलक्ष्मी ही स्वदेशी कापडगिरणी उभी राहिली. परंतु केवळ घोषणांनी सूत निघत नाही आणि केवळ भांडवलाने कापड विणले जात नाही. त्यासाठी जाणकार माणसे लागतात. ती घडविणाऱ्या शाळेची गरज स्वदेशीच्या चळवळीने जनतेला पटविली आणि त्याच गरजेची दखल परकी सरकारलाही घ्यावी लागली.

ती शाळा श्रीरामपुरातच का निघाली? तेथील विणकर धावत्या धोट्याचा माग फार आधीपासून वापरीत होते. हा धोटा 1733 साली इंग्लंडात जॉन के याने शोधून काढला. पूर्वी विणकराला धोटा एका हाताने टाकून दुसऱ्या हाताने झेलावा लागे. नव्या युक्तीत दोरीला झटका दिला, की धोटा आपोआप या टोकाकडून त्या टोकाकडे धावतो. त्यामुळे काम वाढते आणि एका माणसाला अधिक पन्ह्याचे कापड विणता येते. कलकत्त्याच्या कलाशाळेचे प्रमुख ई. बी. हॅवेल यांनी या शतकापूर्वीच्या काळात श्रीरामपूरच्या मागाचा हिरिरीने पुरस्कार केला होता. म्हणजे येथे विद्या आधी गावात होती, संस्था मागाहून आली. शेजारच्या रिश्रा गावी 1855 साली तागाची पहिली गिरणी निघाली होती. हुगळीच्या दोन्ही काठांवर गिरण्यांची धुरांडी उभी राहत होती आणि याच जिल्ह्यातील धनियाखालीची साडी घरोघरच्या मागांवर विणली जात होती. अशा मातीत कापडाची शाळा रुजली नसती तरच नवल!

त्या काळात देशभर अशी रोपटी लागत होती. मुंबईत 1887 साली राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जी तंत्रसंस्था निघाली, ती आजची वीरमाता जिजाबाई संस्था होय. तिचा पायाच मुळी मुंबईच्या कापडगिरण्यांच्या गरजेवर घातला गेला. सयाजीराव महाराजांनी 1890 साली बडोद्यात कलाभवन काढून रंगाई, विणाई आणि यंत्रविद्या देशी माणसाला शिकविण्याचा उपक्रम मांडला, आणि त्याची सूत्रे त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारख्या रसायनज्ञाकडे सोपविली. कानपुरात 1914 साली रंगाई-छपाईची सरकारी शाळा निघाली. बंगालमध्येच बहरामपूर येथे 1927 साली आणखी एक वस्त्रसंस्था आली. या संस्थांचे कूळ एकच. माल स्वदेशी हवा असेल तर कारागिरीही स्वदेशी हवी, आणि ती शिकविण्याचा खर्च समाजाने सोसला पाहिजे, या विचारातून त्या जन्मल्या.

श्रीरामपूरच्या संस्थेत 1957 साली पदवीचा अभ्यासक्रम सुरू झाला. पूर्वी ती कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न होती, आता राज्याच्या तंत्रविद्यापीठाशी आहे. वस्त्रतंत्राच्या जोडीला तेथे संगणकशास्त्र आणि माहिती तंत्रज्ञान याही शाखा आल्या आहेत. प्रवेश राज्याच्या प्रवेशपरीक्षेतील गुणानुक्रमाने मिळतो. फी सरकारी, म्हणजे खासगी महाविद्यालयातील फीचा एक लहानसा अंश. आता प्रश्न असा, की अशा संस्थेचे मोल कसे ठरवावे?

पहिली गोष्ट ही, की स्वस्त शिक्षण नावाची वस्तू जगात अस्तित्वातच नाही. अभियंता घडविण्यास जो खर्च येतो तो येतोच. फी कमी असते याचा अर्थ इतकाच, की तो खर्च दुसऱ्या कोणीतरी उचलला आहे. काडेपेटीसारख्या वस्तूवरही कर भरणाऱ्या शेतकऱ्याने, मासे विकणाऱ्या बाईने आणि स्वतः विणकराने तो उचलला आहे. म्हणून सरकारी महाविद्यालयाची पहिली कसोटी फीचा आकडा ही नव्हे, तर त्या फीमुळे वर्गात कोण येऊन बसला, ही होय. ज्या घरातून पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही, अशा घरातील मुलगा किंवा मुलगी तेथे बसली असेल, तर त्या कराचे चीज झाले. श्रीमंत घरातील मुले महागड्या शिकवण्यांच्या बळावर पुढे सरसावून त्याच जागा घेऊन बसली असतील, तर गरिबांच्या पैशाने श्रीमंतांचे शिक्षण झाले, असे म्हणावे लागेल.

दुसरी कसोटी यंत्रशाळेची. साहित्य किंवा गणित फळ्यावर शिकविता येते, वस्त्रविद्या फळ्यावर शिकविता येत नाही. कापसाचा गठ्ठा फोडून तो पिंजण्यापासून आरंभ होतो. मग तंतू समांतर करणे, पेळू काढणे, त्याला पीळ देऊन सूत कातणे, सुताच्या कांड्या भरणे, ताणा लावणे, त्याला खळ देणे, विणणे, धुणे, रंगविणे आणि शेवटी तपासणे अशी ती लांब साखळी आहे. हवेत ओलावा किती असावा, धागा नेमका कोठे आणि का तुटतो, एकाच रंगाच्या कुंडातून निघालेल्या दोन तागांच्या छटांत फरक का पडतो, या प्रश्नांची उत्तरे पुस्तकात असतात खरी, परंतु ती विद्यार्थ्याच्या हाताला कळावी लागतात. म्हणून पालकांनी अशा महाविद्यालयात गेल्यावर इमारतीचा दर्शनी भाग पाहू नये. मागील बाजूस यंत्रशाळेत जावे. यंत्रावर धूळ आहे की कापसाचा भुरा आहे, हे पाहावे. भुरा असेल तर यंत्र चालते, धूळ असेल तर ते केवळ तपासणी समितीसाठी उभे आहे, असे समजावे.

यंत्रे जुनी आहेत, ही तक्रार मात्र सरसकट मान्य करण्याजोगी नाही. जुन्या मागावर विणकामाची मूळ तत्त्वे उघड्या डोळ्यांना दिसतात. नव्या यंत्रात ती झाकणाआड दडलेली असतात. विद्यार्थ्याने प्रथम जुने यंत्र उघडावे, हे योग्यच आहे. परंतु शिक्षण तेथेच संपले, तर तो विद्यार्थी गिरणीच्या दारात उभा राहील तेव्हा त्याला धोट्याविना, हवेच्या झोताने विणणारा माग पाहून बावरल्यासारखे होईल. फी कमी ठेवायची आणि यंत्रांसाठी निधीही कमी द्यायचा, शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या, असे सरकार वागले तर ती गरिबांवर कृपा होत नाही. ती एक प्रकारची फसवणूकच ठरते. स्वस्त तिकिटाची गाडी काढावी आणि तिला इंजिनच जोडू नये, तसा हा प्रकार. आमच्या मते सरकारी महाविद्यालयांची खरी परीक्षा येथे आहे. आणि ती विद्यार्थ्यांची नसून सरकारची आहे.

तिसरी कसोटी परिसराशी असलेल्या नात्याची. देशातील तागाच्या गिरण्या प्रामुख्याने बंगालमध्ये आहेत. 2019-20 च्या हातमाग गणनेत देशभर सुमारे 35 लाख हातमाग कामगार नोंदविले गेले, त्यांत बंगालचा वाटा मोठा आहे. श्रीरामपुरात रेशमी कापडावरील छपाईचा धंदा आजही चालतो. रंग पक्का कसा करावा, रंगाचे सांडपाणी नदीत सोडण्यापूर्वी शुद्ध कसे करावे, मागावर बसणाऱ्याची पाठ आणि डोळे कसे वाचवावेत, हे प्रश्न महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर हाकेच्या अंतरावर उभे आहेत. ज्या संस्थेतील मुलांचे प्रकल्प या प्रश्नांना हात घालतात, ती संस्था जिवंत. आणि ज्या संस्थेतील प्रकल्प गतवर्षीच्या वहीतून या वर्षीच्या वहीत उतरतात, ती कितीही शतकांची असली तरी मृतवत्, असे आम्ही म्हणू.

आता या विषयातील सर्वांत अवघड प्रश्नाकडे वळू. वस्त्रतंत्राची शाखा पुष्कळ विद्यार्थी हौसेने निवडीत नाहीत. संगणकाची मिळाली नाही म्हणून घेतात. पदवी हाती आल्यावर त्यांतील अनेकजण संगणकाच्या धंद्यात नोकरी धरतात आणि सूत-कापडाशी असलेला संबंध तेथेच तुटतो. यावर काहीजण म्हणतात, की मुलांना विषयाची निष्ठा नाही. आणि दुसरे म्हणतात, की मग ही शाखाच बंद करा. दोन्ही मते आम्हांस उतावीळपणाची वाटतात. ज्या मुलाच्या घरी बाप आजारी आहे, बहिणीचे लग्न व्हायचे आहे, त्याने अधिक पगाराची नोकरी पत्करली, तर त्यास दोष कोण देणार? एखादा धंदा जगविण्याचे ओझे गरीब घरातील बावीस वर्षांच्या पोराच्या खांद्यावर टाकणे हा अन्याय आहे. गिरणीतील नोकरी आडगावी, काम तीन पाळ्यांचे, आवाज आणि उष्मा भरपूर, आणि पगार आरंभी बेताचा. धंद्याला चांगली माणसे हवी असतील, तर धंद्याने त्यांना चांगली वागणूक द्यावी लागेल. हे गिरणीमालकांनी ऐकण्यासारखे आहे.

गिरण्यांच्या नशिबाचे फेरे आमच्या किनाऱ्याला नवे नाहीत. मालवण-वेंगुर्ल्यापासून पेडणे-डिचोलीपर्यंतची कितीतरी घरे एकेकाळी मुंबईच्या गिरणगावातून येणाऱ्या मनिऑर्डरवर चालली. साचेखाते आणि त्रासनखाते हे शब्द आमच्या आजोबांच्या पिढीला शेतातल्या शब्दांइतके परिचित होते. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून कायमचे थांबले आणि गिरण्यांच्या जमिनीवर उंच इमारती उभ्या राहिल्या. तरीही माटुंग्याच्या संस्थेतील वस्त्रविद्या बंद पडली नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. गिरणी आणि विद्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिरणी एका शहरातून दुसऱ्या शहरात जाते. विद्या टिकली तर ती नव्या ठिकाणी, नव्या रूपात उपयोगी पडते.

ते नवे रूप आज दिसतही आहे. कापड म्हणजे केवळ धोतर-साडी नव्हे. शस्त्रक्रियेत जखम शिवण्याचा धागा, रुग्णालयातील पट्टी, मोटारीच्या टायरमधील दोऱ्यांचे अस्तर, गिरणीच्या धुराड्यातील गाळणी, रस्त्याखाली किंवा नदीच्या खचत्या काठावर अंथरायचे तागाचे जाळीदार कापड, ही सारी वस्त्रविद्येचीच अपत्ये आहेत. आमच्या किनाऱ्यावर रापणीला आणि ट्रॉलरला लागणारी नायलॉनची जाळी हीही त्याच कुळातली. केंद्र सरकारने 2020 साली तांत्रिक वस्त्रांसाठी 1480 कोटी रुपयांची राष्ट्रीय योजना मंजूर केली, ती याच क्षेत्राकडे पाहून. तेव्हा हा विषय कालबाह्य झाला, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या अंगावरील सदऱ्यापासून घराबाहेरच्या रस्त्यापर्यंत एकदा नीट पाहावे. विषय जुना झालेला नाही. त्याची नवी ओळख विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविण्यात आपण कमी पडलो आहोत.

मग या संस्थेत संगणकाच्या शाखा आल्या, हे बरे झाले की वाईट? आमच्या मते ते बरे झाले, परंतु एका अटीवर. आजचा माग संगणकावर चालतो, नक्षी संगणकावर काढली जाते, कापडातील दोष कॅमेरा शोधतो. संगणक शिकणाऱ्या आणि कापड शिकणाऱ्या मुलांनी एकाच यंत्रावर मिळून काम केले, तर दोघांचाही लाभ आहे. परंतु नव्या शाखा जुन्या शाखेच्या शेजारी केवळ भाडेकरूसारख्या राहू लागल्या, आणि कालांतराने भाडेकरूनेच घरमालकाला बाहेर काढले, तर 1908 साली लावलेले झाड आपण आपल्याच हाताने तोडले, असे होईल. नावातील ‘टेक्स्टाईल’ हा शब्द मग जुन्या वाड्यावरील पाटीसारखा उरेल.

बंगालच्या या सरकारी जागा मुख्यतः त्या राज्यातील रहिवाशांसाठी असतात. म्हणून गोव्यातील पालकांना तिकडे धाडण्यासाठी आम्ही हा लेखनप्रपंच केलेला नाही. वस्त्रविद्येची ओढ असलेल्या मुलासाठी माटुंगा, नांदेड आणि बडोदा ही ठिकाणे अधिक जवळची आहेत, आणि तेथेही वरील कसोट्याच लावाव्यात. आमचे लक्ष आहे ते फर्मागुढीकडे. 1967 साली सुरू झालेले आमचे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय हेही कमी फीचे, आणि तेथेही खाण अभियांत्रिकीची शाखा या भूमीच्या धंद्याशी बांधलेली. 2012 साली आणि पुन्हा 2018 साली खाणी थांबल्या, तेव्हा बार्जी नांगरून पडल्या, ट्रक दारात गंजले आणि सांगे-डिचोलीच्या घरांनी काय सोसले, हे आम्ही पाहिले आहे. एका धंद्याच्या आधाराने उभ्या राहिलेल्या विद्येने त्या धंद्याच्या पडत्या काळात काय करावे, हा प्रश्न म्हणून आम्हांसही परका नाही. खाणकाम थांबले तरी खणलेली जमीन पूर्ववत् करणे, खंदकांतील पाणी वापरात आणणे, शेतांत उतरलेला गाळ काढणे ही कामे उरतातच. आणि त्यांनाही अभियंतेच लागतात.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी श्रीरामपूरच्या विणकराजवळ धावता धोटा होता आणि पदवी नव्हती. आज पदवी आहे, इमारत आहे, कमी फी आहे. या सगळ्याचा हिशेब शेवटी एकाच जागी मांडावा लागेल. त्या विणकराच्या नातवाला किंवा नातीला तेथे प्रवेश मिळाला का, आणि मिळाला असेल तर चार वर्षांनी तिच्या हाती कागदाखेरीज काही कसब आले का? याचे उत्तर होकारार्थी असेल, तर ते महाविद्यालय देशातील कोणत्याही महागड्या संस्थेच्या तोडीचे आहे, असे आम्ही नि:संकोच म्हणू. उत्तर नकारार्थी असेल, तर फुकट दिलेले शिक्षणही महाग पडले, असे समजावे. फर्मागुढीच्या टेकडीवर प्रवेशाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या पालकांनी हाच प्रश्न आपल्या सरकारला विचारावा. कर भरणाऱ्याचा तो हक्क आहे, आणि त्याचे उत्तर देणे हे सरकारचे कर्तव्य आहे.